खांद्यावरचा हात

नरक चतुर्दशीच्या सकाळी सात-साडेसातला डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. निमित्त गणपतीच्या देवळातल्या दर्शनाचं, पण खरं तर अर्धी डोंबिवली नवे कपडे घालून उरलेल्या अर्ध्या डोंबिवलीला बघायला आलेली असते. गेल्या दिवाळीत मी चहाचा कप घेऊन कडेला उभा होतो. समोर पाच पोरं होती, एकोणीस-वीस वर्षांची. पाचही कुर्ते एकाच ताग्यातून शिवलेले. फोटो काढताना त्यातल्या एकाने शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकला आणि डोकं त्याच्या डोक्याला टेकवलं. मोबाइल धरलेला ओरडला, "काय रे, लग्न कधी?" सगळे खिदळले. हात टाकणाराही खिदळला. पुढच्या फोटोत त्याचे दोन्ही हात खिशात होते.

भांडण नाही, रुसवा नाही. थोड्या वेळाने एक मुलगी आली, तिने आपली पर्स त्याच्याकडे दिली आणि ती देवळात गेली. त्याने ती पर्स दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरली, पिंजऱ्यात सापडलेला उंदीर टाकायला निघाल्यासारखी. मैत्रीण आहे, ती सगळ्या गावासमोर त्याच्याकडे पर्स देते आहे, आणि हा आपल्याला कुणी 'तसा' समजेल म्हणून हात खिशात घालतो आहे. म्हणजे भीती बायका आवडतात की नाहीत याची नव्हतीच. मग कशाची होती?

मी बावन्न वर्षांचा. कल्याणला पारनाक्याजवळ वाढलो, नोकरी मुंबईत केली, घर आता ठाण्यात आहे. कॉलेजात असताना माझा एक जिवलग मित्र होता. संध्याकाळी आम्ही करंगळीत करंगळी अडकवून काळ्या तलावापर्यंत जायचो आणि तशीच अडकवून परत यायचो. विषय मुलींचाच असायचा. आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, कारण सगळेच तसे चालायचे. बाजारातले हमाल चालायचे, एसटीचे कंडक्टर चालायचे. आज तलावाभोवती तासभर बसून बघा. हातात हात घेतलेले दोन पुरुष दिसले तर ते सत्तरीचे असतील, आणि त्यातल्या एकाचा गुडघा दुखत असेल.

मराठीत या भीतीला जुना शब्द आहे, बायल्या. गंमत अशी की माणूस कुणावर प्रेम करतो याबद्दल हा शब्द काही बोलतच नाही. तो बोलतो ते माणूस चालतो कसा, बसतो कसा, रडतो का, बायकोला विचारून खर्च करतो का, याबद्दल. बायकोवर जीव ओवाळून टाकणारा पुरुष बायल्या ठरू शकतो, हे इतर कुठल्या तर्कशास्त्रात बसायचं नाही. 'समलिंगी' हा शब्द पुस्तकातला, जिन्याखालच्या गप्पांत तो कुणी काढत नाही. 'गे' इंग्रजीतून आला तेव्हा त्याला बसायला वेगळी खुर्ची नव्हतीच, तो सरळ बायल्याच्या मांडीवर बसला. तेव्हापासून आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींचं एकच भय झालं: पुरुष आवडणं आणि बाईसारखं असणं. आणि मुळाशी बाई असणं ही खालची पायरी आहे, हे न बोलता मान्य. उगाच नाही आपले पुढारी प्रतिपक्षाला बांगड्यांचा आहेर पाठवत. (गल्ली क्रिकेटमध्ये मात्र 'छक्का' हा आनंदाचा शब्द. त्याच गल्लीत, त्याच पोरांच्या तोंडी, दहा मिनिटांनी तोच शब्द शिवी होतो.)

माझीही एक गोष्ट आहे. सहावीत असताना आमच्या मुलांच्या शाळेत गॅदरिंगला कोळीनृत्य होतं आणि कोळीण व्हायला कुणी तयार नव्हतं. मी झालो. छान नाचलो, बक्षीस मिळालं. पुढची दोन वर्षं मला वर्गात एका कोळणीच्या नावाने हाक मारत. पीटीचे सर एकदा संचलनात म्हणाले, "कंबर सांभाळ रे." त्या उन्हाळ्यात मी चाळीच्या पॅसेजमध्ये, दुपारी सगळे झोपले की, चालायची प्रॅक्टिस करायचो. पाय फाकवून, काखेत गळवं झाल्यासारखे हात लांब धरून. ती चाल मला जमली आणि ती अजून माझ्याकडे आहे. मूळची कशी होती ते आता मला सांगता येणार नाही.

मोठा झाल्यावर कळलं की माझं कौतुक काहीच नाही, महाराष्ट्राने हे फार मोठ्या माणसांच्या बाबतीत करून ठेवलं आहे. गणपत पाटलांचं नाव आजच्या पोरांना माहीत नसेल. कोल्हापूरचे नट. तमाशापटांचा जमाना होता तेव्हा फडातला नाच्या म्हटलं की गणपत पाटीलच. लचकणं, हनुवटीवर बोट, तो लाडिक सूर. थिएटरातली शेवटची रांगही हसून लोळायची. माणूस संसारी, मुलाबाळांचा. पण लोकांनी भूमिका आणि माणूस यांतली रेघच पुसून टाकली. रस्त्यात टोमणे, लग्नकार्यात कुजबुज. घरच्यांनाही त्याची झळ लागली, मुलांच्या सोयरिकींपर्यंत ती पोचली, असं त्यांच्याबद्दल लिहिलं-बोललं गेलं. २००८ साली ते गेले. खलनायक करणाऱ्या निळू फुल्यांनाही बायका घाबरत, पण ते घाबरणं नटाला मिळालेली पावती होती. नाच्याला पावती मिळत नाही, त्याच्या माथी बदनामी येते.

याच महाराष्ट्राने नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाला बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलं होतं, हे विसरू नये. ते शालू नेसत कसे, पदर घेत कसा, हे बघून घरंदाज बायका तसं नेसायला शिकल्या. मग तमाशातला नाच्या आणि संगीत नाटकातली भामिनी यांत फरक काय? जात आणि थिएटर, हे एक उत्तर. दुसरं असं की बालगंधर्व बाई होत, नाच्या मात्र बाई झालेला नसतो, तो बायकी पुरुषच राहतो आणि तेच लोकांना सहन होत नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरून रवी जाधव यांनी केलेला चित्रपट १ जानेवारी २०१० ला आला. त्यात राजाची भूमिका करायचं स्वप्न बघणारा धिप्पाड गुणा, नाच्या कुणी मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. मिशी उतरते त्या क्षणापासून गाव त्याचं पुरुषपण काढून घेतं, घरातूनही आणि अंगावरूनही. टॉकीजमध्ये माझ्या मागच्या रांगेत पोरं आधी हसत होती. नंतर हसायची थांबली.

हसण्यासाठी साडी नेसली तर चालते, हा आपला अलिखित करार आहे. 'मोरूची मावशी'तले विजय चव्हाण, 'अशी ही बनवाबनवी'तले लक्ष्मीकांत आणि सचिन, टीव्हीवर शांताबाई होणारे आपले डोंबिवलीकर भाऊ कदम, यांना कुणी बोट लावत नाही. कारण पदराखालून दाढीचा खुंट दिसत राहतो, आणि आपण 'तसे' नाही हे प्रेक्षकाला मिनिटामिनिटाला सांगितलं जातं.

हे 'सांगितलं जाणं' फार महत्त्वाचं आहे, आणि त्यावर फ्लोरिडात प्रयोग झालेले आहेत. जेनिफर बॉसन आणि जोसेफ व्हॅन्डेलो या मानसशास्त्रज्ञांनी तरुण पुरुषांना एका पुतळ्याच्या डोक्यावरच्या केसांची वेणी घालायला लावली. दुसऱ्या गटाला तशीच वेणी दोरखंडाची घालायला दिली. बोटांची कसरत तीच. नंतर दोन्ही गटांना विचारलं, आता कोडं सोडवणार की ठोसे मारणार? केसांची वेणी घातलेल्यांनी ठोशांची पिशवी जास्त मागितली, आणि ठोसे मारायला दिले तेव्हा जास्त जोरात मारले. हा अभ्यास २००९ चा. त्याआधी २००५ साली बॉसन यांच्या अभ्यासात याहून बोलकी गोष्ट दिसली होती. असलं 'बायकी' काम करण्याआधी ज्यांना 'मला मुलीच आवडतात' असं नोंदवायची सोय दिली, त्यांची अस्वस्थता कमी झाली. म्हणजे त्रास वेणीचा नव्हता. बघणारा आपल्याला चुकीच्या खान्यात टाकेल, याचा होता.

हे वाचलं तेव्हा मला पेंडसेनगरातला एक ओळखीचा गृहस्थ आठवला. बायको सकाळची लवकरची लोकल पकडते, त्यामुळे मुलीच्या शाळेच्या दोन वेण्या हा घालतो. काय सुरेख घालतो! मधला भांग फूटपट्टीने आखल्यासारखा, रिबिनीची फुलं दोन्हीकडे सारखी. मी कौतुक केलं तर म्हणाला, "हळू बोला. शाळेत कुणी विचारलं तर आईने घातल्या म्हणून सांगते ती." हाच माणूस बायकोचे कपडे वाळत घालतो ते अंधार पडल्यावर. समोरच्या विंगेत त्याच्या लोकलच्या ग्रुपमधला एकजण राहतो.

आणि आता लोकल. जगात पुरुष पुरुषाला इतका चिकटून कुठे उभा राहत असेल तर तो सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून निघालेल्या फास्टमध्ये. छातीला पाठ, पोटाला कोपर, अनोळखी माणसाचा श्वास मानेवर. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर टेकलेला माणूस शेजाऱ्याच्या कमरेला धरूनच बसतो, नाहीतर पडेल. दिव्याच्या पुढे एखाद्याला डुलकी लागते आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर येतं. आपण ते हलवत नाही, बिचारा रात्रपाळीचा असेल. या स्पर्शाला नाव नाही, म्हणून भयही नाही. पण त्याच डब्यात, पत्त्यांच्या ग्रुपमध्ये, कुणी दुसऱ्याच्या शर्टाचं कापड बोटाने चाचपून "छान आहे रे" म्हटलं की पुढच्या स्टेशनापर्यंत त्याची धिंड निघते. गर्दीने लादलेला स्पर्श माफ आहे. मनाने केलेला नाही.

अमेरिकेतल्या सी. जे. पॅस्को या समाजशास्त्रज्ञ बाई कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कुलात दीड वर्ष बसल्या आणि २००७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की मुलं एकमेकांना 'गे' या अर्थाची शिवी देतात तेव्हा समोरचा खरंच समलिंगी आहे असं त्यांना वाटत नसतं. ती शिवी गरम बटाट्यासारखी असते, हातात आली की लगेच दुसऱ्याकडे फेकायची. आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये अगदी हेच. जो शेवटी धरून राहतो, रागावतो किंवा गप्प होतो, तो अडकला. म्हणून सगळ्यात हजरजबाबी माणूस बहुधा सगळ्यात घाबरलेला असतो. 'जो जास्त ओरडतो तो आतून तसाच असतो' हा सिद्धान्त हल्ली फार ऐकू येतो. मला तो आळशी वाटतो, आणि थोडा लबाडही. ओरडणाऱ्याला पुन्हा त्याच शिवीने मारायचं, एवढाच त्याचा अर्थ होतो.

या थट्टेची एक बाजू मात्र काळी आहे. गर्दीत मुलांच्या अंगावरूनही हात फिरतात. शाळकरी, कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या. मी या लेखासाठी ज्यांच्याशी बोललो त्यात तिघांनी हे सांगितलं, तिघांनीही आवाज उतरवून. एकजण म्हणाला, "घरी सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, एवढ्या लोकांत तुलाच कसा हात लावला?" मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. मोठ्या पुरुषाचं काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३७७ कलमाच्या जागी काहीच ठेवलं नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेला बलात्कार 'बलात्कार' म्हणून कुठल्या कलमात बसतच नाही. तक्रार करायला तोंड उघडेल कोण, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

तेव्हा करंगळी सुटली कधी? मला वाटतं, दोन हजारनंतर कधीतरी. 'कल हो ना हो' २००३ साली आला. त्यात दोन नायकांना भलत्या अवस्थेत पाहून किंचाळणारी कांताबेन होती, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कट्ट्यावर दोन मित्र जवळ बसले की कुणीतरी कांताबेन व्हायचं. २००८ ला 'दोस्ताना'. २ जुलै २००९ ला त्याच ३७७ कलमावर दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. दर वेळी 'गे' हा शब्द मराठी पेपरांच्या पहिल्या पानावर आला. घराघरांत पोचला. समलिंगी माणसांसाठी हे किती मोठं होतं ते त्यांनाच विचारावं. बाकीच्या पुरुषांना मात्र यातून एक नवी माहिती मिळाली: असे लोक असतात, ते दिसायला आपल्यासारखेच असतात, आणि ते शेजारीही असू शकतात. एरिक अँडरसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं आहे की ही भीती सगळ्यात जास्त असते ती नेमकी अशा समाजात, जिथे हे कळलेलं असतं पण पटलेलं नसतं. जिथे असं काही असतं हेच ठाऊक नाही, तिथे कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. जिथे पटलेलं आहे, तिथेही नाही. कल्याण-डोंबिवली सध्या या दोहोंच्या मध्ये उभी आहे, आणि लोकलचा अनुभव असलेल्या कुणालाही विचारा, मध्ये उभं राहणं सगळ्यात वाईट.

बाजाराने हे आपल्याआधी ओळखलं. इमामीने २००५ साली 'फेअर अँड हँडसम' आणली तेव्हा जाहिरातीतला टोमणाच हा होता की पुरुष चोरून बायकांची क्रीम लावतात. गोरेपणाचा प्रश्न बाजूलाच, लाज विकायला काढली होती. मानपाडा रोडच्या एका सलूनवाल्याने मला धंद्यातलं गुपित सांगितलं. पुरुष गिऱ्हाईक 'फेशियल' म्हणत नाही, 'क्लीनअप' म्हणतं. भुवया करायच्या असतात, पण सांगताना म्हणतं, "मधले फक्त काढ. शेप नको." तो शेप देतोच. "दिला नाही तर पुढच्या वेळी येत नाहीत," तो म्हणाला. ठाण्यातल्या एका जिमच्या ट्रेनरने वेगळंच सांगितलं. त्याच्याकडे येणारी पोरं म्हणतात की बॉडी पोरींसाठी करतोय. "पोरी कुठे बघतात सर? दंड किती इंच झाला हे पोरंच पोरांना विचारतात. मोजतात पण तेच." दुसऱ्या पुरुषाच्या दंडाला टेप लावताना त्यांना काही वाटत नाही, कारण इंच हा पुरुषी विषय आहे.

मनातली शंका विचारायची कुणाला, हा प्रश्न जुनाच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि वाचकांच्या असल्या प्रश्नांना, नाक न मुरडता, दोन-दोन ओळींत उत्तरं दिली. १९३४ साली हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लोकांना शंका आहेत तर त्यांना शास्त्रीय उत्तर द्यायचं नाही का, इतका सरळ मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. त्याच वर्षी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. म्हणजे या पट्ट्यात आता मनाबद्दल बोलायला जावं कुठे, हे लोकांना माहीत नाही असं नाही.

तरी येतात ते उशिरा, असं मला एका समुपदेशक बाईंनी सांगितलं. काही मुलं येतात ती खरंच समलिंगी असतात आणि घरच्यांनी 'बरं करायला' आणलेली असतात. त्यांचं दुःख वेगळं, आणि मोठं. पण काही येतात ती निव्वळ शंकेने पोखरलेली. मुलींवर प्रेम आहे, तरी रोज रात्री मोबाइलवर चाचण्या देत बसतात. जिममध्ये एखाद्याकडे नजर गेली की घरी येऊन तो क्षण दहादा उलगडतात. हा मंत्रचळाचा एक प्रकार आहे. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला जशी घाण उरल्याची शंका, तशी ही. "तू तसा नाहीस असं मी सांगितलं की त्याला तासभर बरं वाटतं," बाई म्हणाल्या, "आणि मग शंका दुप्पट होऊन येते. त्यामुळे ते उत्तर मी देतच नाही. शंका असू दे, हात धुवायला जाऊ नकोस, एवढंच शिकवायचं असतं." आईवडील मात्र बाहेर थांबलेले असतात आणि दार उघडताच पहिला प्रश्न तोच विचारतात.

माझा तो करंगळीवाला मित्र कल्याणलाच राहिला. भेटी कमी झाल्या, फॉरवर्ड वाढले. या पावसाळ्यात त्याची बायपास झाली. मी गेलो तेव्हा तो जागा होता, गालफडं बसलेली, दाढी पांढरी. काय बोलायचं दोघांनाही सुचेना. त्याने चादरीवरून हात पुढे केला, मी धरला. असे किती वेळ बसलो कोण जाणे. तेवढ्यात पडदा सरकवून सिस्टर आत आली, आणि मी पटकन हात सोडला.

"धर की," तो म्हणाला. "सलाईन त्या हाताला आहे."